हौ म्हणजे होय नव्हे

"हौ," कौसाबाई म्हणाल्या, आणि आमचा दावा माझ्या डोळ्यांदेखत हातचा गेला.

प्रश्न विरुद्ध बाजूच्या वकिलाचा होता. शुद्ध हिंदीत, हातभर लांब. "पति के गुज़रने के बाद आप अपनी मर्जी से मकान छोड़कर मायके गई थीं ना?" आमचं म्हणणं नेमकं उलटं होतं. तेरवीनंतर चार दिवस माहेरी गेलेल्या बाईच्या घराला पुतण्यानं आपलं कुलूप ठोकलं. बाईंना मूलबाळ नाही. त्या दोन खोल्या परत मिळाव्यात, एवढंच मागणं.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात, विशेषतः लांजीकडच्या गावांत, हौ म्हणजे होय. पण समोरचा बोलत असताना मधूनमधून म्हटलेला हौ म्हणजे फक्त 'ऐकतेय, बोल पुढं'. तेवढंही न म्हणणारा माणूस उर्मट ठरतो. साक्षीआधी मी बाईंना दहादा बजावलं होतं, प्रश्न पुरता ऐका, मग बोला. त्यावरही त्या हौ म्हणाल्या होत्या.

जजसाहेब ग्वाल्हेरकडचे, नवीन आलेले. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "लिखिए, यह सही है कि मैं अपनी मर्जी से मकान छोड़कर गई थी." कोर्टात साक्ष अशीच लिहितात. प्रश्न वकिलाचा, वाक्य साहेबांचं आणि खाली अंगठा साक्षीदाराचा.

मी उठलो. "सर, ये जवाब नहीं है. ये सिर्फ़ सुन रही हैं."

"वकील साहब, हौ का मतलब हाँ होता है या नहीं?"

"होता है, सर. पर हर बार नहीं."

"तो गवाही आप देंगे?"

वकिलाला आपल्याच अशिलाचा साक्षीदार होता येत नाही. त्या हौचा अर्थ पुतण्यालाही पक्का ठाऊक होता. त्यानं मान खाली घातली. बाईंना तर काही बिघडलंय हेच कळलं नव्हतं. भरल्या कोर्टात इतकं एकटं मला कधी वाटलं नाही.

उलटतपासणीनंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारता येतं, पण उत्तर सुचवायची मुभा नसते. मी विचारलं, "बाई, घर काहून सुटलं, साहेबाले सांगा."

त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. त्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुमाले तं सांगतलं ना म्या सारं."

तेही टाइप झालं.

निकाल विरुद्ध गेला. अपीलही गेलं. तिथं बाईंना कोणी पाहिलं नाही, पाहिला तो कागद, आणि कागदावर त्यांचा होकार.

सांगायला मी त्यांच्या भावाच्या घरी गेलो. पडवीत एकट्याच बसल्या होत्या. मला राहवलं नाही. "त्या वकिलाले हौ हौ काहून करत होत्या, बाई?"

"तो एकटाच बोलून राह्यलता ना जी. कोणी हौ बी म्हणत नव्हतं त्याले."

घरी आलो. बायको गेल्यापासून माझ्या घरात हौ म्हणणारं कोणी नाही. मुलं फोनवर 'हाँ पापा' म्हणतात. त्या दिवशी ते फार लागलं.

आता साक्षीआधी अशिलाला एकच गोष्ट सांगतो. कोर्टात कोणाच्या बोलण्याला सोबत करायची नसते.