मणक्याचं बाळंतपण

तिसऱ्या ऑपरेशनला माझ्या नणंदबाईंनी सरळ नाही म्हटलं. उजवा पाय ओढत चालत होत्या, चप्पल पायातून निसटली तरी कळत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उशीर केला तर पायातलं गेलेलं बळ परत येईलच असं नाही. तरी नाही म्हणजे नाही. सारोळ्याहून दाजींचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, फोन आला, "वैनी, मी दमलो सांगून. आता तुमीच बघा." त्याआधीच्या रविवारी आमचे हे बहिणीला समजवायला गेले होते. दोन कप चहा पिऊन परत आले. बहिणीपुढे यांचं कधी काही चाललेलं नाही. माझ्यापुढेही चालत नाही, तो भाग वेगळा.

मला आधी राग आला. वन्संचा येतो तसा, चांगला डोक्यात जाणारा. पण भांडायची तयारी करायला बसले आणि आठवत राहिलं ते पहिलं ऑपरेशन. आता सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्या घरातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

त्या वेळी आत्याबाई होत्या, माझ्या सासूबाई. वन्संची कंबर लग्नानंतरची सगळी वर्षं वैरणीचे भारे वाहून कामातून गेली होती. भोरला फोटो काढला तर एक मणका खालच्यावरून पुढे सरकलेला, अर्धवट उघड्या राहिलेल्या खणासारखा. पुण्याला ऑपरेशन झालं. सळया घातल्या, स्क्रू बसवले, मणके एकमेकांना जोडून टाकले. आता मधलं हाड जुळून येईपर्यंत वाकायचं नाही, वळायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. दवाखान्यातून कुठे जायचं हे कुणी कुणाला विचारलंच नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माज्याकडं आनायची," आणि विषय संपला.

आत्याबाईंना एवढंच ठाऊक होतं की बाईमाणूस पडून राहतं ते एकाच कारणाने. त्यामुळे वन्सं घरी यायच्या आधीच वेल्ह्याच्या आमच्या घरात बाळंतपणाची तयारी सुरू झाली. ह्यांना भोरला पिटाळलं, डिंक, खारीक, गोडंबी, खोबरं, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणायला. माळ्यावरून बाज उतरवली, तिचा काथ्या आवळून घेतला. शेगडी घासून ठेवली. मी अंगणवाडीत काम करते. कोणत्या बाईने काय खावं हे गावभर सांगत फिरते. तर मी तरी थांबवावं की नाही? मी मांडी घालून लाडू वळत होते.

ॲम्ब्युलन्स आली. चौघांनी चादरीसकट उचलून वन्संना बाजेवर ठेवलं. बाज ती बाज, कितीही आवळली तरी मध्ये झोळी होणारच. वन्संनी जी किंकाळी फोडली, तिला शेजारच्या शेरडांनी उत्तर दिलं. पुन्हा उचलाउचल. पलीकडे कुणाचं तरी स्लॅबचं काम चाललं होतं, तिथून सेंट्रिंगची प्लाय मागून आणली, बाजेवर टाकली, वर गादी घातली. तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या. आणि आत्याबाईंनी शांतपणे खाली शेगडी सरकवली.

"आत्याबाई, फळीतनं शेक कुटला लागतोय?"

"लागतो. तुला न्हाई का शेकली मी? दोन येळा?"

माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली होती. मी शेगडीत कोळसे घातले.

मग कानात कापूस, डोक्याला घट्ट स्कार्फ, सकाळ-संध्याकाळ शेपा-ओव्याची धुरी. कूस बदलायची ती माझ्याकडे. खांदा आणि कंबर एकाच वेळी वळली पाहिजे, मध्ये पीळ पडता कामा नये, हे नर्सने मला करून दाखवलं होतं. एक हात खांद्याला, एक कमरेला. वन्सं दात आवळून "हं" म्हणायच्या की मी वळवायचे.

"हळू गं! बाजरीचं पोतं हाय का मी?"

"पोतं परवडलं. गप पडून ऱ्हातं."

आमचं हे असं पहिल्यापासूनच. मी नवी नवरी असताना ह्याच बाईंनी माझी भाकरी मोडून तिचे काठ सगळ्या पंगतीला दाखवले होते. आता तीच भाकरी मी दुधात कुस्करून त्यांना भरवत होते आणि त्या तरीही काठ काढत होत्या. पण एवढे दिवस आम्ही एका छपराखाली कधी राहिलोच नव्हतो. दुपारी धुरीचा धूर कवडशात फिरायचा, मागच्या दारातून तोरणा दिसायचा, आत्याबाई शेगडीशी बसून जुनं काहीबाही सांगायच्या आणि लेक छताकडे बघत हुंकार द्यायची. मी अंगणवाडी आटपून घाईने घरी यायचे, त्यांच्या गप्पा माझ्याशिवाय पुढे जातील म्हणून. अजून कुठे शेपा जळल्याचा वास आला की मला ती दुपार आठवते.

एक गोष्ट सांगायला हवी. वन्संना मूल झालं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. आत्याबाई त्यासाठी किती वर्षं थांबल्या असतील देव जाणे. कधीतरी त्यांनी वाट बघणं सोडलं असावं. त्या डिंकाच्या लाडवांत नेमकं काय वळलं जातंय हे आम्हां तिघींनाही कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

बोलून गेली ती सुकट विकणारी बाई. बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन दारावर आली, धुरीचा वास घेतला, आत डोकावली तर बाज, शेगडी, स्कार्फ बांधलेली बाई. हसून म्हणाली, "बाळंतीन हाय व्हय? काय झालं, मुलगा का मुलगी?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आत्याबाईंनी मान खाली घातली. आणि बाजेवरून वन्संचा आवाज आला, "सळया झाल्या. दोन. जुळ्या हायत."

ती बाई बावचळली. मी आधी तोंडाला पदर लावला, मग राहवेना. वन्सं हसायला लागल्या, हसलं की पाठीत कळ येई म्हणून "आई गं, आई गं" करत हसत होत्या. आत्याबाईही हसल्या. मग उठून मागच्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी बघायला गेले तर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मला म्हणाल्या, "जरा रडू दे. लई दिसाचं ऱ्हायलं हुतं." मी पण रडले. आत एकटी पडलेली बाई हाका मारत होती, "कुटं गेल्या दोगी? कूस बदला की!"

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजन बघून कपाळाला हात लावला. पाठीवरचा भार कमी करायचा, तर हा वाढलाच होता. काय खायला घालता, म्हणून विचारलं. आत्याबाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं, तुपासकट.

दुसरं ऑपरेशन दोनेक वर्षांनी झालं. हाड जुळलंच नव्हतं, एक स्क्रू आत हलत होता. जुनं काढून पुन्हा सगळं नव्याने बसवलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. दुखणं असं की वन्सं टॉवेल दातात धरून पडायच्या, पायातून वीज गेल्यासारखी कळ जायची. गोळ्यांनी पोट जड, तोंड कडू, जीभ तर त्याहून कडू. एकदा मला म्हणाल्या, "तुजा हात नगं लावू मला. जा हितनं." मी गेले. पायरीवर बसून त्यांना मनातल्या मनात सगळ्या शिव्या दिल्या, मलाही येतात. मग कूस बदलायची वेळ झाली म्हणून उठून आत आले. त्या फक्त "हं" म्हणाल्या. आत्याबाई तेव्हा नुसत्या पायथ्याशी बसून लेकीचे तळवे चोळायच्या. पाठीला हात लावायची बंदी होती, आणि हात कुठेतरी लावल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. त्या दुखण्यात लेकीपेक्षा आईच जास्त खचली.

हाड मात्र जुळलं. साडीवर पट्टा आवळून वन्सं पहिल्यांदा एकट्या बाजारात गेल्या आणि कढीपत्त्याच्या काडीवरून भांडून आल्या, तेव्हा आम्ही समजलो की बाई बरी झाली.

पुढच्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. सुतकात, जमिनीवर बसता येत नाही म्हणून वन्संना खुर्ची दिली होती. सगळ्या बाया खाली आणि ह्या एकट्या वर, पाहुणीसारख्या. त्यानंतर त्या वेल्ह्याला आल्या नाहीत. दिवाळीला नाही, पंचमीला नाही. एसटीत बसवत नाही म्हणायच्या, आणि ते खरं होतं म्हणून मी पुढे विचारलं नाही. आता जोडलेल्या मणक्यांच्या वरचा मणका ढासळला होता, त्याखाली नस चेपत होती, पाय जात होता, आणि त्या सारोळ्यात खुर्चीवर बसून नाही म्हणत होत्या.

मी रजा टाकली. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून दुसऱ्या गाडीने किकवीवरून सारोळे. वन्सं ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "डागदरचं सांगाया आली असशील तर च्या पी आन् जा."

"च्या पिते," मी म्हटलं आणि शेजारी बसले.

मीही सुपातल्या शेंगा फोडायला घेतल्या. मग त्याच बोलल्या. "दोन येळा आईनं केलं. आता आई न्हाई. दवाखान्यातनं जायाचं कुटं मी? हितं ह्यांनी एकल्यानं काय काय करायचं?"

"आन् मी काय करत हुते दोन येळा? गोट्या खेळत हुते?"

"तू आईच्या सांगन्यानं केलंस."

हे लागलं. खोटं बोलणार नाही, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "पयल्यांदा व्हय, आत्याबाईंच्या सांगन्यानं. दुसऱ्यांदा तुमी मला हाकलली. जा हितनं म्हनाला. मी परत आत आले, ते कुनाच्या सांगन्यानं?"

वन्सं हातातली शेंग तशीच दाबत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आईबिगर म्हायेर नसतं गं वैनी. भावाच्या घरी पाव्हनी म्हनून जाता येतं. दुकनं घिऊन जाता येत न्हाई."

आता हे मला आधी का सुचलं नाही, मला माहीत नाही. सासुरवाशीण माहेरी आणायची तर तिला न्यायला मुराळी जातो. भाऊ जातो, नाहीतर भाच्याला धाडतात. मी म्हटलं, "ते मला म्हाईत न्हाई. मी मुराळी म्हनून आलीया. मुराळ्याला मोकळ्या हातानं परत लावत न्हाईत, एवडं तरी पाळा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "भावजय कदी मुराळी येती व्हय?"

"ज्यानं यायला पायजे तो दोन कप च्या पिऊन परत आला. मग दुसरं कोन येनार?"

त्या हसल्या. कमरेला हात लावून, "आई गं" करत, रडत हसल्या. मी पण. दाजी आतून बघायला आले आणि दोघी का रडतायत ते न कळून परत आत गेले. मग पदराने तोंड पुसून वन्संनी विचारलं, "साड्या किती घिऊ?"

ऑपरेशन झालं. पाय आला. अंगठा अजून बधिर आहे, पण चप्पल पायात राहते. दवाखान्यातून आम्ही त्यांना वेल्ह्याला आणलं आणि पलंगावर निजवलं.

चारेक दिवसांनी मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. बाहेर वन्संना सारोळ्याच्या शेजारणीचा फोन आला. हातात धरवत नाही म्हणून फोन उशाशी ठेवून, आवाज मोठा करून बोलत होत्या. शेजारीण विचारत होती, "अजून दवाखान्यातच का गं?"

"न्हाई गं बाई. म्हायेरी हाय मी."

माझे हात परातीतच थांबले. आत्याबाईंच्या जागी कुणी मला बसवेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि बसवलं तर असं, पीठ मळताना, फोनवर, दुसऱ्याच बाईला सांगून. मला इतकं बरं वाटलं की लगेच बाहेर जायला लाज वाटली.

शेजारीण म्हणाली, "मग कदी येतीस? दाजींचे खायाचे लई हाल चाललेत."

"चालू देत," वन्सं म्हणाल्या. "म्हायेरी आलेली बाय लगीच परत जाती व्हय कुटं?"