कोकिळाबाईचं वजन

शेषराव पाटील कोकिळाबाईला घेऊन जळगाव जामोदला लग्नाला निघाले होते. एसटीत चढताना तिला दम लागला, ती दारातच अडकल्यासारखी उभी राहिली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाटील, दोन तिकिटं काढा बाईची!" अख्खी गाडी हसली. शेषरावही हसले आणि मग आठ दिवस बायकोशी एक शब्द बोलले नाहीत.

कोकिळा रोहिणखेडची. वडनेर भोलजीला नांदायला आली तेव्हा शेलाटी पोर होती. दोन बाळंतपणं वाया गेली, तिसऱ्यांदा दिवस राहिलेच नाहीत, आणि अंग मात्र सुटत गेलं. बसली की दुसऱ्यानं हात दिल्याशिवाय उठता येईना. मुंबईचे डॉक्टर आतड्याचं ऑपरेशन करून वजन उतरवतात, असं शेषरावांच्या कानावर आलं आणि ते तिला घेऊन गेले.

ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आतडं कापून टाकलेलं नाही, बाजूला ठेवलंय. अन्न आता आखूड वाटेनं जाईल. वजन उतरेलच. पण नुसतं वजन पाहू नका. ताकद, डोळे, जुलाब, पायाची सूज, सगळं पाहा. दर दोन महिन्यांनी रक्त तपासायला आणा. बिघडलंच तर आतडं परत जोडता येतं."

शेषरावांनी त्यातलं वजन तेवढं ऐकलं.

त्यांच्या ओसरीत कापूस मोजायचा मोठा काटा टांगलेला होता. दर पौर्णिमेला सकाळी कोकिळा त्याच्या पारड्यात मांडी घालून बसायची आणि समोरच्या पारड्यात शेषराव वजनं टाकायचे. आळीतली माणसं जमायची.

"पाहा बे, अजून उतरली!" शेषराव ओरडायचे. "माही कोकिळा पोरगी होऊन राह्यली!"

तिला ते गोड लागायचं. इतक्या वर्षांत नवऱ्यानं चारचौघांत तिचं नाव कौतुकानं घेतलं नव्हतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, लग्नातली चोळी अंगात गेली. म्हणून बाकीचं ती गिळून टाकायची. दोन घास पोटात गेले की तांब्या घेऊन पळावं लागायचं. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. वास येतो म्हणून सासूनं, सत्यभामाबाईनं, तिचं अंथरूण गोठ्याला लागून टाकलं, तरी ती बोलली नाही. रक्त तपासायला दोघं मुंबईला एकदा जाऊन आले. पुढच्या खेपेला कापूस वेचणीचे दिवस निघाले, नंतर कोणी विषयच काढला नाही.

एका संध्याकाळी ती वासरावर जाऊन आदळली.

"दिवेलागण झाली का मले काईच दिसत नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं. "डॉक्टरले दाखवा ना."

"काटा काय खोटं बोलते? बेस उतरून राह्यली तू."

तरी त्यांनी तिला नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. "उद्याच मुंबई गाठा. आतडं परत जोडून घ्या. लिव्हर जाईल बाईचं."

"मंग वजन?" शेषरावांनी विचारलं.

"वजन वाढेल. बाई जगेल."

परतीच्या वाटेवर शेषराव म्हणाले, "गावाले काय तोंड दाखवू मी?" आणि मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही.

कोजागिरीला काटा उलटा फिरला. कोकिळेचे पाय आणि पोट पाण्यानं फुगले होते, चेहऱ्याची मात्र हाडं वर आली होती. शेषरावांनी वजनं काढून पुन्हा टाकली. तरी वजन वाढलेलंच निघालं.

"चोरून खाते तू!" शेषराव ओरडले.

"देवाशपथ नाही हो. सूज आहे ही, बोट लावून पाहा."

बोट कोणी लावलं नाही. त्या दिवसापासून सत्यभामाबाईनं कोठीला कुलूप घातलं, आणि सुनेला दिवसातून एकदा पातळ कढी मिळू लागली.

भाऊबीजेला तिचा भाऊ तुळशीराम आला. अंधार पडला होता. पाटावर बसलेल्या भावासमोर कोकिळा तबक घेऊन उभी राहिली आणि तिनं ओवाळलं ते त्याच्या शेजारच्या खांबाला.

"कोकिळे, मी इकडे आहो वं," तुळशीराम म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

सकाळी त्यानं तिला बैलगाडीत निजवलं. शेषराव दारात उभे होते. "खुशाल ने. पण पुन्हा फुगली तर इकडे आणू नको."

तुळशीरामनं तिला मुंबईला नेऊन आतडं परत जोडून घेतलं. लिव्हर बरंच गेलंय, जपून राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, पण ती वाचली. डोळे बरेचसे आले. रोहिणखेडला भावाच्या घरी हळूहळू तिच्या गालांवर मांस चढलं, मग दंडांवर, मग सगळ्या अंगावर. शेषराव एकदा आले. अंगणातूनच त्यांनी तिला खालीवर न्याहाळलं आणि पाणीही न घेता परतले. उन्हाळ्यात त्यांनी जळगावकडची एक सडपातळ पोरगी घरात आणल्याचं कळलं.

भावजय झुंबरबाई वाईट नव्हती, पण भाकरीच्या टोपल्याकडे पाहून तिचा जीव तुटायचा. एक दिवस भाकरी हातातच धरून ती म्हणाली, "वन्सं, अजून देऊ काय? पाहा बाई, पुन्हा तसंच होईल."

ओसरीत शेजारणी बसल्या होत्या. त्यांनी माना वळवल्या. कोकिळेनं ताट पुढं सरकवलं.

"हाव," मान डोलावत ती म्हणाली. "दे."