पवनचक्क्यांच्या माळावर रचलेले दगड

मंडळी, तुमच्यातले निम्मे ट्रेकर आहेत, म्हणून हे तुम्हालाच सांगतो.

आज सकाळी पारनेरकडच्या पवनचक्क्यांच्या माळावर एकटाच गेलो आणि वाट चुकलो. माणूस सोडा, चिटपाखरू दिसेना. नुसती पात्यांची घरघर आणि अंगावरून सरकत जाणाऱ्या त्यांच्या सावल्या.

तेवढ्यात गवतात दगडांची छोटी रास दिसली. वाट कळावी म्हणून आपण रचतो ना, तश्शीच. पुढच्या पवनचक्कीखाली दुसरी, मग तिसरी. जीव भांड्यात पडला. मागून येणाऱ्यांना लांबून दिसावी म्हणून प्रत्येक राशीवर मी एकेक दगड वाढवत गेलो. एकीच्या शेजारी बसून भाकरीसुद्धा खाल्ली.

मग शेळ्या वळणाऱ्या एक मावशी भेटल्या. म्हटलं, "बरं झालं, कुणीतरी वाटेच्या खुणा केल्यात."

"खुणा न्हाईत त्या. खाली पाखरं हायेत. पातं लागून पडत्यात. कुत्री वडून नेत्यात, म्हनून मी दगडं ठिवते."

त्यांच्या पायाशी दगडांचं एक गोल कडं होतं, आत काहीच नव्हतं. मी विचारलं, "आणि हे?"

"ते आजचं," त्या वर बघत म्हणाल्या. "अजून पडलं न्हाई."

मीही वर पाहिलं. पात्यांच्या जवळ एक घार निवांत घिरट्या घालत होती. मी तिथं थांबलो नाही.

घरी आलोय. उकडतंय, पण पंखा लावायला हात धजत नाही.

रचलेल्या दगडांवर आपला एक दगड ठेवताना, खाली काय आहे हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?