निरोपाची पोस्ट

ग्रुप सोडायचा हे माझं एका मिनिटात ठरलं. सगळ्यांना सांगून सोडायचा की गुपचूप, यावर मात्र मी आठ दिवस घालवले. हे म्हणाले, "अगो, बटण दाबायचं नि मोकळं व्हायचं. त्याला निरोपसमारंभ कशाला? शाल नि नारळ हवाय काय?" यांचं बोलणं असंच तिरकं. पण मला हवी होती ती शाल. आता कशाला खोटं बोलू?

ग्रुप कोकणातल्या मासळीचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत दिवस खायला उठायचा, तेव्हा मी तिथं लिहायला लागले. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, कशा धुवायच्या, सुकट कशी भाजायची, असलं काहीबाही. पुण्यामुंबईची माणसं लिहायची, "बाई, तोंडाला पाणी सुटलं!" जन्मभर फळ्यापुढं घसा फोडला, तेव्हा कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. डोक्यात हवा गेली माझ्या, दुसरं काय.

आमच्याकडे एक मावशी कालवं घेऊन यायची. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासूनची. कालव म्हणजे समुद्रातल्या खडकाला घट्ट चिकटलेली शिंपी, आतला गर खायचा. एका हिवाळ्यात मी तिच्या मागंच लागले, मला एकदा घेऊन चल म्हणून. ती नको नको म्हणत होती. शेवटी नेलंन. अमावस्येच्या ओहोटीला पाणी लांब आत गेलेलं, काळे खडक उघडे पडलेले, आणि मावशी उकिडवी बसून कोयतीनं शिंपीचं फक्त वरचं झाकण उडवत होती. गर काढून डब्यात टाकायची, खालची शिंपी खडकावर तशीच सोडायची. म्हणाली, त्याच शिंपीवर पुढल्या वर्षी नवं कालव धरतं. बारकं कालव दिसलं की हात मागे घ्यायची.

मी फोटो काढला. तोंड नको म्हणाली, म्हणून नुसते हात घेतले. निघताना म्हणाली, "जागा कोनाला सांगू नका हां बाई. आमच्या वाडीतल्या बायकांचं पोट हाय हितं."

"छे गो मावशी, मी कशाला सांगू?" मी म्हटलं.

त्या फोटोवर ग्रुपात नुसती झुंबड उडाली. कुणीतरी खाली विचारलं, कुठे मिळतात ही? आता मी पडले मास्तरीण. कुणी प्रश्न विचारला की अर्धवट उत्तर देणं मला जमतच नाही. जागा लिहिली, कुठल्या पायवाटेनं उतरायचं ते लिहिलं, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता पोचा, सहापर्यंत पाणी उतरत राहतं, हेही लिहिलं. वर हसरा चेहरा टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या जागेचं नाव इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

पुढच्या अमावस्येनंतर ग्रुपात फोटो आले. गाड्या घेऊन आलेली माणसं, हातात हातोडे नि छिन्न्या. शिंपीचं झाकण उडवायचा धीर कुणाला? अख्खी कालवं खडकाच्या कपच्यांसकट फोडून बादल्या भरल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "बाईंचे आभार!" शिरा पडो तुमच्या तोंडावर, मी मोठ्यानं म्हणाले. पण आभार कुणाचे मानले होते ते दिसत होतं.

चार दिवसांनी मावशी दारात आली. हातात डबा नव्हता. पायरीवर बसली नि म्हणाली, "बाई, खडक सगला बोडका केलानी. तुमी कोनाला सांगितलात काय?"

मी म्हटलं, "नाही गो."

एवढं सहज आलं तोंडातून. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरींना मी बाकावर उभं केलेलं आहे. मावशीनं मान हलवली, पाणी प्यायली नि गेली. परत काही आली नाही.

तेव्हा मी ठरवलं, ग्रुप सोडायचा, आणि असा सोडायचा की मेल्यांना झोप लागता कामा नये. पहिली पोस्ट लिहिली ती नुसती शिव्यांची. दुसरी निसर्गावर, फार भारदस्त. तिसरी खरोखर चांगली उतरली होती, वाचून माझेच डोळे भरून आले. यांना वाचायला दिली. यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"छान आहे," म्हणाले. "पण यात तू कुठं आहेस? 'काही लोकांनी', 'काही लोकांनी' लिहिलंयस. जागा सांगितलीन कोणी?"

मला असा राग आला! दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी उठले नि मावशीच्या वाडीत गेले. वाटेत ठरवलं होतं, तिला खरं सांगायचं आणि ग्रुप गुपचूप सोडायचा. परक्यांपुढं कशाला गळा काढायचा?

मावशी अंगणात सुकट वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, मीच सांगितलं होतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "सुनेनं मोबाईलात दाखवलान. फोटूतले हात माजे, नाय काय?"

मग तिनं मला काय ते सांगितलं. वाडीतल्या दहा बायकांनी तो फोटो पाहिला होता. तिच्या हातावरचं गोंदण त्या ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार? मावशीनंच पैसे घेऊन जागा दाखवली, असं त्यांनी धरलं होतं. आता दुसऱ्या खडकावर जाताना तिला कोणी हाक मारत नव्हतं. एकटीनं तिथं उतरायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळं ती घरात बसली होती.

"तुमी तितं लिवा," ती म्हणाली. "सगल्यांनी बगितलान ना? मग सगल्यांना लिवा, हिनं नाय सांगितलं म्हनून."

म्हणजे आठ दिवस मी जो घोळ घालत बसले होते, त्याचं उत्तर हे होतं. आणि ते माझ्या कौतुकासाठी नव्हतं. घरी येऊन चार ओळी लिहिल्या. फोटोतले हात ज्यांचे, त्यांनी जागा सांगितलेली नाही, पैसेही घेतलेले नाहीत. त्यांनी मला बजावलं होतं, तरी मी सांगितली. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी ग्रुप सोडत आहे. पहिल्यांदाच त्या ग्रुपात मी विशेषणं न लावता लिहिलं.

पोस्टवर पहिलं उत्तर आलं, "किती प्रामाणिक आहात बाई!" दुसरं आलं, "जागा नक्की कुठली? माझी ती पोस्ट चुकली." अर्ध्या तासात पोस्ट गायब. ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा निरोप आला, नकारात्मक लिखाणानं वातावरण बिघडतं. आणि मी सोडायच्या आधी त्यांनीच मला काढून टाकलं. कालवांचा फोटो, खालचं माझं उत्तर, पायवाट, वेळ, सगळं मात्र तसंच ठेवलं, ते मावशीच्या सुनेनं मला तिच्या मोबाईलात दाखवलं. ते काढा म्हणून मी कळवायला गेले, तर मला आता तो ग्रुपच दिसत नव्हता.

वाडीतल्या एकीनंही माझी पोस्ट पाहिली नव्हती. मग राहिलं काय, तोंड. पुढल्या ओहोटीला मी किनाऱ्यावर गेले. पाणी उतरायची वाट बघत बायका डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढं उभी राहून मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

त्यांनी ऐकून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "तुमी तिचं गिऱ्हाईक, बाई. तुमी तिची बाजू घेनारच." मग पाणी उतरलं, तशा त्या कोयत्या घेऊन उठल्या. वर वाडीच्या वाटेवर मावशी डबा घेऊन उभी होती. मी तिला यायला सांगितलं होतं. तिला हाक मारायला कोणी मागं वळलं नाही.