मावशी, जरा सांभाळा

पहिल्या नोकरीत मी साहेबांना जेवढा घाबरलो नाही, तेवढा आमच्या झाडूवाल्या मावशींना घाबरलो. साहेबांच्या सायकलची घंटा निदान आधी ऐकू यायची. मावशी अनवाणी यायच्या.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. दौंडच्या मोजणीच्या ऑफिसात मी हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. घर शिरूरला. वडील शिलाईकाम करायचे, आणि त्यांच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार होती. मी निघालो तेव्हा मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "जा. महिन्याभरात परत येशील." त्या मान वर न करण्याचा मला फार राग आला. काहीही झालं तरी परत जायचं नाही, एवढं मी एस.टी.त बसतानाच ठरवून टाकलं.

पण दौंडला मला खोलीच मिळेना. गाव सगळं रेल्वेच्या माणसांनी भरलेलं. ज्यांच्याकडे खोल्या होत्या ते पहिला प्रश्न विचारायचे, "बिऱ्हाड कुठंय?" बिऱ्हाड म्हणजे बायको. लग्न झालेलं नाही म्हटलं की दार अर्धं लोटलं जायचं. एका म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला आत जा म्हणून ओरडली. सून आतच होती. काही दिवस मी स्टेशनच्या मुसाफिरखान्यात पथारी टाकली, पण तिथल्या हवालदाराला माझा चेहरा पाठ झाला आणि तोही रस्ता बंद झाला. शेवटी मी ऑफिसच्या दप्तरखान्यातच मुक्काम ठोकला.

आमची इमारत दोन ऑफिसांत वाटलेली होती. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात खताबियाण्यांचं गोदाम. मधला व्हरांडा दोघांचा, पाण्याचा माठ दोघांचा आणि झाडायला मावशीही दोघांच्यात एकच. दप्तरखाना आमच्या बाजूला अगदी टोकाला होता. जुने नकाशे ठेवायची मोठी मांडणी होती, तिच्यामागे माझी वळकटी, ट्रंक आणि तांब्या बरोबर मावला. दप्तर काढून देणं माझंच काम असल्यामुळे किल्लीही माझ्याचकडे. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर हंगामी माणसाला घरी पाठवायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागलं नसतं, आणि मी वडिलांच्या मशीनसमोर जाऊन उभा राहिलो असतो.

म्हणून मी उजाडायच्या आत भीमेवर आंघोळीला जायचो आणि चांगला फेरफटका मारून, कुठूनतरी लांबून आल्यासारखा ऑफिसात शिरायचो. एके दिवशी डोळा उशिरा उघडला. पंचा खांद्यावर टाकून, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत मी दार उघडलं, तर समोर मावशी. पन्नाशीच्या असतील. काटक, काष्टा घट्ट खोचलेला, हातात झाडू. आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी, जरा सांभाळा हं."

म्हणजे काय, तर मला सांभाळून घ्या, कुठं बोलू नका. मला वाटलं, यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग "व्हय" म्हणाल्या आणि पाठ न फिरवता उलट्या पावली व्हरांड्यातून मागे गेल्या.

त्या दिवसापासून त्यांचं वागणंच बदललं.

दौंडला तेव्हा नुसती धूळ नसायची, इंजिनांची काजळी असायची. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी काळं. मावशी दप्तरखाना झाडायच्या, पण मांडणीपर्यंतच. तिथं हात थांबायचा. मांडणीच्या अलीकडे फरशी लख्ख आणि पलीकडे काजळीचा थर, मधे सरळ काळी रेघ. साहेबांची उभी हयात हद्दी मोजण्यात गेलेली. असली रेघ दिसल्यावर तिच्या पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. मी मावशींना म्हटलं, "तिथं मागंपण झाडा की."

"तिथं न्हाई. तिथं म्या हात न्हाई लावायची."

"अहो, पण का?"

"का म्हून इचारता? तुमाला ठावं हाय की."

बाई साधी नाही, हे मी त्याच वेळी ओळखलं. मला उघडं पाडायचं, पण तोंडाने काही न बोलता, असा तिचा बेत असणार. मग मीच एका सकाळी त्यांचा झाडू घेऊन मांडणीमागचा भाग झाडून काढला. दुसऱ्या दिवशी मावशी भर व्हरांड्यात झाडू हातात धरून उभ्या. "माजा झाडू कुनी हलिवला? म्या हितं उभा ठिवला व्हता, ह्यो आडवा कसा झाला?" गोदामवाला खिडकीतून बघत होता. मी मान खाली घालून नकाशावर नसलेली शाई पुसत बसलो. त्यानंतर मावशी झाडू घरी घेऊन जायला लागल्या.

एकदा माझं फाउंटन पेन वळकटीजवळून घरंगळत रेघेच्या अलीकडे आलं. मावशींनी ते उचललं नाही. त्याच्या चारी बाजूंनी झाडलं आणि बाहेर येऊन मोठ्यांदा पुकारा केला, "पेन पडलंय हो आत! म्या बघितलंय, पन हात लावल्याला न्हाई!" ऑफिस भरलेलं होतं. दप्तरखान्यात पेन कुणाचं आणि का, हा प्रश्न कुणीही विचारला असता. मी धावत जाऊन ते उचललं, आणि घाईत टोपणावर पाय देऊन फोडलं. मावशींचा इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मग भाकरी सुरू झाली. कधी ठेचा, कधी वांग्याचं भरीत, फडक्यात बांधून माझ्या टेबलाखाली ठेवलेलं. "खावा. तुमास्नी बी ताप हाय, म्या काय बोलत न्हाई." आणि संध्याकाळी जाताना, इकडं तिकडं बघून, हळू आवाजात, "आज हाय का मुक्काम?" मी हो म्हटलं की त्या सुस्कारा टाकायच्या. हा सुस्कारा मला भाकरीपेक्षा जड जायचा. ही बाई मला खाऊ घालते आहे, माझ्या रात्रींचा हिशेब ठेवते आहे, म्हणजे एक दिवस हिला माझ्याकडून काहीतरी हवं असणार. मी घाबरत जेवायचो. भरीत मात्र फार चांगलं असायचं, ते कबूल करतो.

गोदामवाल्याने माझ्या संशयाला खतपाणी घातलं. हा गृहस्थ आमच्या ऑफिसात स्वतःच्या घरात फिरावं तसा फिरायचा. आमची दौत, आमची खुर्ची, आमचा टाक, सगळं त्याला चालायचं. पानाचा तोबरा सांभाळत तो मला म्हणाला, "मावशींवर नजर ठेवा बरं का. रेल्वेच्या बंगल्यावरनं काढून टाकलेलं माणूस आहे." का काढलं, ते त्याला माहीत नव्हतं. मला तेवढंही पुरेसं झालं. मी ट्रंकेला कुलूप घातलं, आणि ते मावशींच्या नजरेतून सुटलं नाही.

थंडी संपता संपता कुरकुंभच्या बाजूला मोजणी निघाली. माणसं निघायच्या तयारीत, आणि मोजणीची साखळी जागेवर नाही. ही लोखंडी साखळी म्हणजे आमच्या ऑफिसचा जीव. ती दप्तरखान्याच्या दारामागे खुंटीला असायची. शोधाशोध झाली. साहेब व्हरांड्यात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना बोलावलं. गोदामवालाही आला, बोलावलं नव्हतं तरी. घसा खाकरून म्हणाला, "साहेब, आत येणारं बाहेरचं माणूस कोण, ते आधी बघा."

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं.

मावशींचा आवाज खणखणीत होता. "म्या कशाला न्हीन साखळी? माजं काय श्येत मोजायचं ऱ्हायलंय? आन् म्या न्हेली असती तर ह्ये गप बसलं असतं का?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "राती राखनीला ह्येच असत्यात न्हवं हितं! तुमीच बशिवलंय ह्यास्नी माज्यावर. पयल्याच दिशी मला म्हनलं, मावशी, सांभाळा. तवापास्नं म्या सांभाळूनच हाय. त्येंच्या कोपऱ्याला झाडू लावला न्हाई, त्येंनी टाकल्यालं पेन उचललं न्हाई. इचारा की त्यास्नी!"

आधी वाटलं, संपलं. शेवटी हिने डाव साधला. मग मी मावशींचा चेहरा बघितला. त्यात डाव नव्हता. कोर्टात आपला साक्षीदार उभा राहिल्यावर माणूस ज्या आशेने बघतो, त्याच आशेने त्या बघत होत्या. आणि मला त्या सकाळचा माझा शब्द त्यांच्या कानाने ऐकू आला. सांभाळा. पाळतीवर ठेवलेला माणूस चड्डीबनियनवर दारात उभा राहून दम देतो आहे: जपून राहा, गाठ माझ्याशी आहे. मी त्यांना घाबरून दिवस काढत होतो, त्या मला घाबरून भाकरी भाजत होत्या.

"रात्री तुम्ही इथं असता?" साहेबांनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. वळकटी कुठंतरी टाकली असती, किल्ली माझ्याकडेच होती. पण मी नाही म्हटलं की मावशी खोट्या, आणि खोट्या ठरल्या की चोर. मी फार थोर विचार केला असं काही नाही. गोदामवाल्याच्या तोंडावर जे समाधान पसरायला लागलं होतं, ते मला बघवेना.

"हो साहेब," मी म्हटलं. "रोज असतो. मला कुणी बसवलेलं नाही, जागा नाही म्हणून झोपतो. आणि मावशींनी इथली काडीसुद्धा नेलेली नाही."

साहेब आत गेले.

साखळी त्याच दिवशी सापडली. गोदामाच्या मागच्या दाराची कडी मोडली होती, म्हणून गोदामवाल्याने ती नेऊन दाराला गुंडाळली होती. "अहो, सांगायचं राहूनच गेलं!" म्हणून तो हसला. साहेबही हसले. त्याला आमच्याकडून चहा पाजला गेला. मावशींना कुणी काही म्हणालं नाही. साखळी सापडली, एवढंही सांगितलं नाही. चहाचे कप मात्र त्यांनीच विसळले. मला इतका संताप आला की मी माझा चहा तसाच ठेवला.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. "तुमचं घर शिरूरला ना? मग इथं कशाला हाल करून घेता? तिथल्या ऑफिसात एक जागा आहे, मी वर कळवतो. सामान आजच हलवा." त्यांनी माझ्यावर उपकार केले असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी ट्रंक आणि वळकटी घेऊन निघालो, तर मावशी फाटकात.

"मंजी तुमास्नी खरंच कुनी बशिवलं न्हवतं?"

"नाही मावशी. खोली मिळत नव्हती."

"सरकारी मानूस, आन् निजायला जागा न्हाई?" त्यांचा विश्वास बसेना. मग बसला, आणि त्या भडकल्या. "आन् म्या येड्यावानी भाकऱ्या घालत व्हते! माज्या प्वाटाला चिमटा काढून!"

मला हसू आलं. त्यांना नाही. फाटकाला टेकून त्या आपणहून सांगायला लागल्या. "रेल्वेच्या त्या बंगल्यातली बाई मोरीपाशी अंगठी टाकून ठिवायची आन् दाराआडनं बघायची. म्या रोज झाडायची, पन अंगठीला शिवायची न्हाई. येक दिस उचलून तिच्या हातात दिली. तर म्हनली, आज देतीस, मंजी रोज मनात तर व्हतं तुज्या. आन् काडलं मला."

गाडीची वेळ होत आली होती, तरी पाय निघेना.

मावशींनी व्हरांड्याकडे बघितलं, गोदामाच्या खिडकीकडे बघितलं, दप्तरखान्याच्या बंद दाराकडे बघितलं. मग जवळ येऊन अगदी हळू विचारलं, "तुमी न्हवता, तर मग पाळतीवर कोन हाय?"

"कुणी नाही, मावशी."

माझी कीव आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"असं कुटं असतंय व्हय?" त्या म्हणाल्या.