बोरमळा हॉल्टचे शून्य प्रवासी

बोरमळा हॉल्टवर तिकिटं विकणारे गहिनीनाथ खेडकर हे रेल्वेचे नोकर नाहीत. त्यांना पगार नाही, गणवेश नाही, पेन्शन तर स्वप्नातही नाही. नगरच्या मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणायची, खिडकीतून विकायची, मिळेल ते कमिशन घ्यायचं. तरीही हा माणूस बावीस वर्षं सकाळच्या पॅसेंजरआधी फलाट झाडतो. झाडायला कुणी सांगितलं नव्हतं. झाडू नका म्हणायलाही रेल्वेतलं कुणी कधी फिरकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, मोनिकानं, मोबाईलवर जपानातलं एक चिमुकलं स्टेशन दाखवलं. डोंगरात, ना मास्तर ना गर्दी. पण घड्याळ बरोबर, कुंड्यांत फुलं, आणि भिंतीवर स्टेशनचा सगळा इतिहास. कधी बांधलं, गाव ओस पडल्यावर कुणी सांभाळलं, सगळं. गहिनीनाथांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मग खिडकीशेजारी ऑइलपेंटनं स्वतःच लिहिलं : 'बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला मजूर इथे उतरत. तेव्हापासून गाडी थांबते.' खाली जागा उरली म्हणून 'थुंकू नये'.

असा माणूस चिडतो तेव्हा कारण तसंच असतं. वरून पत्र आलं : प्रवासी कमी झालेत, बुधवारी मोजणी होईल, पंचवीसपेक्षा कमी चढले तर थांबा रद्द. पन्नास वर्षांचं स्टेशन एका सकाळीत मोजणार!

"जपानात चार मानसांसाठी स्टेशन जपत्यात," गहिनीनाथ गावभर सांगत फिरले, "आन् आमाला म्हनं पंचवीस दाखवा! बुधवारी झाडून सगळे गाडीला या."

गाव आलं. साठावर तिकिटं खपली. मोजणीला रेल्वेचे साहेबही आले. पण आपल्याकडे साहेब गावात आला आणि सत्काराविना गेला, असं झालंय का कधी? सरपंच काकासाहेबांनी फलाटावर मांडव घातला, माईक लावला, शाल-श्रीफळ आणलं. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, प्रवाशांच्या वतीनं साहेबांना हार-शाल घालून झाली, आणि ही गाडी गावाची रक्तवाहिनी कशी आहे हे काकासाहेब सांगत असतानाच रक्तवाहिनी आली.

एक मिनिट थांबली. साहेब स्टेजवर, भाषण चालू. मधूनच उठायचं कसं? खिशातली तिकिटं चाचपत माणसं बसून राहिली. गहिनीनाथ खिडकीतून ओरडत होते, "आरं, उठा की! चढा!" पुढच्या रांगेतून कुणीतरी दटावलं, "ओ नाथ, भाषन हाय न्हवं?" गावातल्या एकट्या झुंबरबाई तेवढ्या गाडीतून उतरल्या. गाडी गेली.

साहेबांनी गळ्यातला हार बाजूला सारून कागद भरला. "चढलेले प्रवासी, शून्य."

"आन् झुंबरबाई?" गहिनीनाथ धावत आले.

"त्या उतरल्या. उतरणाऱ्यांचा रकाना नाही."

"म्हंजी गाडीतून उतरलेलं मानूस मानसात धरीत न्हाई व्हय? आन् ही साठ तिकिटं?"

"तिकिटं नाही, प्रवासी मोजायचेत."

गहिनीनाथांचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की भीती वाटते. "साहेब, ही शाल कुनी घातली तुमाला?"

"प्रवाशांच्या वतीनं, असं म्हणाले ना सरपंच."

"मग काढा. जे न्हाईतच त्यांची शाल कशाला घेता?"

साहेब कागदाकडे बघत राहिले, मग साठ माणसांकडे. शेवटी त्यांनी पेननं आडवी रेघ मारली आणि लिहिलं : 'मोजणी अपूर्ण. मंगळवारी पुन्हा.'

गहिनीनाथांनी काकासाहेबांच्या हातातून माईक घेतला. "ऐका! मंगळवारी साहेबाला कुनी रामराम बी घालायचा न्हाई. गाडी आली का चढायचं. हार, नारळ, काय बी न्हाई!"

"लई झालं, नाथा," काकासाहेब दुखावून म्हणाले, "निदान आभार तरी मानू दे."

"माना की," गहिनीनाथ म्हणाले. "डब्यात बसून माना."