वर्गात एकटी पडलेली पोर

मी मूळची पिंपळनेरची. नोकरीमुळे सावद्याकडे आले आणि इथल्या हायस्कूलात गणित शिकवता शिकवता इथलीच झाले. वर्गात हुशार मुलं दरवर्षी असतात. पण ज्या मुलीबद्दल सांगतेय, तिच्यासारखी मला तीच एक भेटली.

ती नववीत होती, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय का, याची सिद्धता मी फळ्यावर करून दाखवली. तिने हात वर करून विचारलं, की हीच सिद्धता चाराच्या वर्गमुळाला लावली तर कुठे अडते? इतकी वर्षं मी ती सिद्धता शिकवत होते, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. उद्या सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "मॅडम, सहा घ्या ना. त्याच्या वर्गाला, छत्तीसला, चाराने भाग जातो, पण सहाला जात नाही. तिथेच अडतं."

मला खूप आनंद झाला. पण या मुलीला पुढे द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

हेडसरांना मी विचारलं, की गणिताच्या तासाला तिला अकरावीच्या वर्गात बसवता येईल का. ते भले माणूस होते, पण वेळापत्रक जुळेना, आणि इतर पालक काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. शेवटी मी जळगावचे एक निवृत्त प्राध्यापक शोधून काढले. दर रविवारी तिला शिकवायला ते आनंदाने तयार झाले. वडील तिला एसटीने घेऊन जायचे आणि ती शिकत असेस्तोवर ओट्यावर बसून राहायचे. एकदा मीही गेले होते. म्हातारे सर आणि ही पोर एका कागदावर वाकून भांडत होती, आणि दोघांचेही चेहरे फुलले होते. तिला इतकं बोलताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात सरांना त्यांचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. फोनवर व्हिडिओ लावून शिकवायचं ठरलं. पण सरांना कमी ऐकू यायचं. समोरासमोर ते ओठांवरून समजून घ्यायचे, फोनवर ते जमेना. घरात माणसं बसलेली असताना हिला ओरडून बोलावं लागायचं, मग ती लाजायची. दोन-तीनदा झालं आणि थांबलं. आता ते कुणी सुरू करणार नाही, हे मला कळत होतं.

दहावीत तिचे गुण उतरले. चाचणीचे पेपर तपासताना मला दिसलं, की तिचं प्रत्येक उदाहरण शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक होतं. चूक फक्त त्या ओळीत, कुठे चिन्ह उलटं, कुठे शून्य गळलेलं. मधल्या सुट्टीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आत आम्ही दोघीच होतो.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

ती जराही घाबरली नाही. खाली बघत म्हणाली, "मॅडम, माझा पहिला नंबर आला की डबा खायला मला कुणी बोलवत नाही. आता बोलावतात."

बाहेर मुली तिची वाट बघत होत्या.  मी मान हलवली आणि तिला जाऊ दिलं.

वडिलांना भेटले तर ते म्हणाले, गुण अजूनही चांगलेच आहेत, आणि पोर पहिल्यांदाच मैत्रिणींना घरी घेऊन येते. "ती हसते आता, मॅडम." ते म्हणत होते त्यात चूक काही नव्हती. घरी फोनवर आईला सगळं सांगितलं तर ती अहिराणीत म्हणाली, "पोर हुशार शे ना, मंग तू काबर रडस?" मी रडतेय हे तेव्हा मला कळलं.

बोर्डात ती चांगल्या गुणांनी पास झाली. शाळेत पहिली मात्र आली नाही. या वर्षी ती मला सावद्याच्या स्टँडवर भेटली. दोन मैत्रिणी सोबत होत्या. तिने आनंदाने माझी ओळख करून दिली, "आमच्या गणिताच्या मॅडम." मी विचारलं, गणित कसं चाललंय? तिने सांगितलं, की गणित सोडून तिने बायोलॉजी घेतलं, कारण तिघींना एकाच ग्रुपला राहायचं होतं.

"आवडतं?" मी विचारलं.

"बरं आहे."

तेवढ्यात फैजपूरची गाडी लागली. जागा धरायला तिघी पळाल्या. खिडकीतून तिने हात केला, मीही केला. गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मलाही त्याच गाडीने जायचं होतं.